मुद्दा कोणाच्या पोटी?

विचारांना शिस्त लावावी, त्यांच्यात थोरला कोण व धाकटा कोण हे ठरवावे, ज्याच्या हाताखाली जो शोभेल तो त्याच्या हाताखाली बसवावा आणि मग त्या साऱ्या लवाजम्याकडे समाधानाने पाहत राहावे, ही हौस मनुष्यजातीला केव्हापासून जडली हे सांगणे अवघड आहे. परंतु ही हौस ज्यांना कधीच शिवली नाही अशा लोकांची वस्ती कोणास पाहावयाची असेल, तर त्याने कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठी वसलेल्या मुरगूड गावी यावे आणि निपाणीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मंडळींच्या घोळक्यात निमूटपणे उभे राहावे. तेथे गोष्ट निघते ती पावसाची. पावसावरून ती सर पिराजीराव तलावाच्या पाण्यावर येते, पाण्यावरून उसावर, उसावरून कारखान्याच्या निवडणुकीवर, निवडणुकीवरून पडलेल्या एका उमेदवाराच्या मेव्हण्याच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून त्याला लेप देणाऱ्या म्हाताऱ्यावर आणि म्हाताऱ्यावरून त्याच्या आटलेल्या म्हशीवर, आणि गाडी येऊन उभी राहिली, मूळ विषय आता कायमचा गमावला असे परक्या इसमास वाटू लागले, की पायरीवर एक पाय ठेवून कोणीतरी म्हणतो, "म्हणून म्हणतोय, औंदा पावसाचं काय खरं न्हाई!" आणि सारे माना डोलावतात. मधली एखादी कडी निसटली आहे असे कोणाच्याही मनात येत नाही.

अशा गावात माझी हयात शाळामास्तरकीत गेली. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'खालील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' असा एक प्रश्न असे. मुद्दे आम्ही द्यायचे आणि त्यांच्यामधील जागा मुलांनी भरायची, असा तो तहनामा होता. आमची मुले गोष्ट मोठी सुरस भरीत, मात्र मुद्द्यांना वळसा घालून. दुष्काळ, विहीर, साधू आणि तात्पर्य एवढे साहित्य सरकारी खर्चाने पुरवले असता साधू पहिल्याच ओळीत विहिरीत पडे, व उरलेली गोष्ट त्याला वर काढणाऱ्या चुलत्याच्या बैलजोडीची होई. तात्पर्यही बैलांविषयीच असे, आणि ते बहुधा बरोबर असे.

माझा पुतण्या पुण्यास, हिंजवडीत, संगणकाच्या नोकरीत आहे. दिवाळीस गावी आला असता त्याची नजर माझ्या टिपणांवर गेली. ही टिपणे काही काट्याच्या पावत्यांच्या पाठीवर, काही लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आणि काही भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटींत, दुधाच्या हिशेबाशी गुण्यागोविंदाने नांदत होती. "काका, तुमच्याकडे माहिती भरपूर आहे, पण तिला स्ट्रक्चर नाही," असा अभिप्राय त्याने दिला, आणि ज्याला ते लोक 'आउटलायनर' म्हणतात असे एक सॉफ्टवेअर माझ्या संगणकात बसवून तो सुटी संपण्यापूर्वीच निघून गेला.

या सॉफ्टवेअरची रचना वरकरणी निरुपद्रवी आहे. पडद्यावर एक ठिपका असतो. त्यापुढे आपला मुद्दा लिहावा. एंटरची कळ दाबली की त्या मुद्द्याचा धाकटा भाऊ जन्मास येतो. टॅबची कळ दाबली की तो भाऊ किंचित उजवीकडे सरकतो आणि थोरल्याचा मुलगा होतो. शिफ्टची कळ दाबून तीच टॅब दाबली, की मुलगा पुन्हा बापाच्या पंक्तीस येऊन बसतो. नात्यांतले असले फेरबदल घडवून आणावयास मुरगुडात पूर्वी दिवाणी न्यायालय आणि निदान दोन पिढ्या लागत. आता त्यास एक करंगळी पुरते. याशिवाय ठिपक्याशेजारच्या बाणाला स्पर्श केला, की सारी संतती बापाच्या पोटात गडप होते व पडद्यावर एकटा बाप उरतो. या घडी घालण्याच्या सोयीचा पुतण्याला विशेष अभिमान होता. पोटमुद्द्याला पोटमुद्दा, त्याला आणखी पोटमुद्दा, अशी ही वंशवेल वाटेल तितकी खोल नेता येते. अट एवढीच, की प्रत्येक मुद्द्याला बाप असावा, आणि तो एकच असावा.

या विद्येचा पहिला गाजलेला जाहीर प्रयोग डग्लस एंगलबार्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे, सुमारे हजार जाणकारांच्या सभेपुढे केला. दीड तासाच्या त्या प्रयोगात त्याने माउस दाखवला, पडद्यावरून दूरच्या सहकाऱ्याशी संभाषण करून दाखवले, आणि मनुष्याची बुद्धी यंत्राच्या साहाय्याने कशी विस्तारता येईल याचे दर्शन घडवताना, मुद्दे आणि पोटमुद्दे मांडून दाखवण्यासाठी त्याने जो मजकूर निवडला तो कोणता, तर घरी जाताना आणावयाच्या सामानाची यादी! केळी, गाजरे इत्यादी जिनसा त्याने वर्गवार लावल्या, वाटेत कोठे कोठे थांबावयाचे तेही रेखाटून दाखवले, आणि सभेने त्याचे उभे राहून कौतुक केले. आमच्या घरची गृहिणी हाच प्रयोग बाजाराच्या दिवशी, पिशवी हातात देता देता, तोंडी करते; आणि तिच्या यादीतील पोटमुद्दे ('मेथी आणा; पण कोपऱ्यावरच्या बाईकडून नको; तिच्याशिवाय कोणाकडे नसलीच तर मुळं बघून घ्या; आणि मी सांगितलं म्हणू नका') अमेरिकन यादीपेक्षा निःसंशय अधिक खोल असतात. तिचे कौतुक उभ्याने अथवा बसून, कोणीच केलेले माझ्या ऐकिवात नाही.

पुढे १९८३ साली डेव्ह वायनर याने 'थिंकटँक' या नावाने ही सोय घरगुती संगणकांवर आणली. आणि २००३ साली ॲमस्टरडॅमच्या कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने 'ऑर्ग मोड' रचले. त्यात प्रत्येक शीर्षकाच्या आधी तारकाचिन्हे द्यावी लागतात. खगोलशास्त्रज्ञाला दुसरे काय सुचणार, हे मान्य. परंतु तेथे एक तारा म्हणजे मुख्य मुद्दा, दोन तारे म्हणजे त्याचा पोटमुद्दा आणि तीन तारे म्हणजे पोटमुद्द्याचा पोटमुद्दा, असा उतरता हिशेब आहे. खांद्यावर तारे जितके अधिक तितका अंमल मोठा, हे आम्ही पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात प्रत्यक्ष शिकलेलो असल्यामुळे तीन ताऱ्यांचा इसम एका ताऱ्याच्या हाताखाली पाहून मन कासावीस होते.

ही कला आपल्याकडे नव्हती असे मात्र कोणी समजू नये. समर्थांचा दासबोध घ्या. वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास. कोठे नऊ नाहीत, कोठे अकरा नाहीत. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा असून त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे. म्हणजे दोघांना एकाच छपराखाली, परंतु घराच्या दोन टोकांना खोल्या दिल्या आहेत, आणि मधल्या आठ खोल्यांतून चालत गेल्याखेरीज एकाचा दुसरा होत नाही. यास म्हणावी मांडणी!

त्याहून जुने उदाहरण हेमाद्रीचे. देवगिरीच्या यादवांचा हा श्रीकरणाधिप म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य. त्याला वर्गीकरणाची गोडी असणारच. तेराव्या शतकात त्याने 'चतुर्वर्गचिंतामणि' नावाचा प्रचंड ग्रंथ योजला, आणि त्याचे व्रत, दान, तीर्थ व मोक्ष असे चार सुरेख खंड पाडले. चार खंडांत धर्मशास्त्र संपावयास हरकत नव्हती. पण दप्तरात मुरलेला मनुष्य तो, त्याला ठाऊक होते की कितीही शीर्षके काढली तरी संध्याकाळी मेजावर काही कागद उरतातच. म्हणून त्याने पाचवा खंड जोडला, त्याचे नाव परिशेषखंड. म्हणजे उरलेले सर्व. पुढे एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने हा ग्रंथ छापावयास घेतला तेव्हा व्रत निघाले, दान निघाले, आणि परिशेष तर श्राद्ध व कालनिर्णय पोटात घेऊन चांगला जाडजूड निघाला. तीर्थ आणि मोक्ष तेवढे निघाले नाहीत. मोक्षाचे शीर्षक आहे, आत मजकूर नाही. माझ्या संगणकात 'व्यायाम' या शीर्षकाची हीच अवस्था आहे, आणि हेमाद्रीची संगत लाभल्यापासून मला तिचे फारसे वाईट वाटत नाही.

पुतण्याने जाण्यापूर्वी मला घर, शेती, पैसा, नाती आणि सार्वजनिक अशी पाच शीर्षके काढून दिली होती. मी मोठ्या उत्साहाने पहिला मुद्दा लिहिला, 'उसाचे बिल', आणि तो कोणाच्या पोटी घालावा या विचारात पडलो. शेतीखाली घालावा हे कोणीही सांगेल. परंतु ऊस एकदा काट्यावर गेला की त्याचा शेतीशी संबंध सुटतो. पुढे आहे तो सेवा सोसायटीशी, कारण पीककर्जाची वसुली बिलातूनच व्हावयाची असते, व पाणीपुरवठा संस्थेशी, कारण पाणीपट्टीही तेथूनच जावयाची असते. तेव्हा तो मुद्दा 'पैसा' या शीर्षकाखाली नेला. तेथे तो घटकाभर बसला असेल नसेल, तोच ध्यानात आले की १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत मिळावयाचे हे बिल केव्हा मिळेल यावर पुतणीच्या लग्नाची तिथी अवलंबून आहे. गुरुबळ, चंद्रबळ हे सर्व पंचांगात असते, पण बिलाचे बळ नसेल तर भटजीही मुहूर्त पुढचा काढतात. म्हणजे मुद्दा नात्यांत गेला. आणि बिल बिद्रीच्या कारखान्याचे की हमीदवाड्याच्या, हा प्रश्न निघताक्षणी तो एक उडी मारून 'सार्वजनिक'मध्ये जाऊन बसला. कारण ज्या कागल तालुक्याला राजकारणाचे विद्यापीठ म्हणतात, तेथे ऊस कोणत्या कारखान्याला घातला हे सांगणे म्हणजे आपला गट, आपले मत आणि पुढच्या निवडणुकीतला आपला रस्ता भर चौकात जाहीर करणे होय. दूरदर्शी घरांतून एक भाऊ एका गटात व दुसरा दुसऱ्या गटात ठेवण्याची वहिवाट आहे, ती भांडणामुळे नव्हे. घराचा एक पाय नेहमी सत्तेत असावा एवढ्यासाठी. असे घर पडद्यावर मांडावयाचे तर बाप कोणाला करावे?

गावाचीही गत तीच. कागदोपत्री मुरगूड हे महाराष्ट्र, कोल्हापूर, कागल या पायऱ्या उतरून बिनतक्रार आपल्या जागी येते. परंतु गावाचा व्यापार निपाणीला, म्हणजे परराज्यात, आणि भक्ती बाळूमामांच्या आदमापुराला, म्हणजे भुदरगड तालुक्यात. उतरंडीचा नियम निष्ठेने पाळणारी आमच्याकडे एकटी वेदगंगा. ती दुधगंगेला मिळते, दुधगंगा कृष्णेला, आणि कोणी कोणाच्या पोटी जावयाचे याविषयी त्यांच्यात वाद नाही. २०१९ च्या पावसाळ्यात तिनेही ही शिस्त सोडली आणि ज्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता अशा शिवारांतही ती शिरली.

आता कोणी म्हणेल, की आमच्या माणसाला पोटविभागाचे वावडे आहे. तसे मुळीच नाही. जमिनीच्या बाबतीत आम्ही एंगलबार्टच्या आजोबांना शिकवू. मूळ नंबर, त्याचे पोटहिस्से, पोटहिश्शाला अ आणि ब, आणि अ च्या पोटात पुन्हा आकडे, असे करीत करीत आम्ही पणजोबांचे शेत एका बांधावर उभे राहून दुसऱ्या बांधावर थुंकता येईल इतक्या बारकाईने विभागले आहे. सरकार या खोलीला इतके भ्यायले की १९४७ साली त्याला तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा करावा लागला. त्यातून गट नंबर निघाले. लोकांनी गट नंबर सन्मानाने स्वीकारले आणि आत वाटण्या चालू ठेवल्या.

गावाच्या दप्तराला एक ते एकवीस असे नमुने आहेत. त्यांतला सातवा मालकीचा व बारावा पिकांचा, हे दोन एकत्र आले की सातबारा होतो. या कागदाची थोरवी मला सॉफ्टवेअर हाताळू लागल्यावर कळली. संगणकात मुद्दा पुसला की तो पुसला जातो. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले की त्याला कंस करतात. कंसातला इसम नाहीसा होत नसतो. तो तेथे बसून सर्व पाहत असतो, आणि पुढे कधीतरी अपिलात कंस फोडून बाहेर येतो. शिवाय त्याच कागदावर 'इतर अधिकार' नावाची एक जागा असते. नवखा मनुष्य मालकाचे नाव वाचून कागद घडी करतो. जाणता मनुष्य आधी इतर अधिकार वाचतो, कारण सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, बहिणींचा हिस्सा, न्यायालयाची मनाई असे जे जे म्हणून शेताच्या आयुष्यात खरोखर घडलेले असते ते तेथे उतरलेले असते. तलाठ्यांनी (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे) आणि हेमाद्रीने, एकमेकांशी पत्रव्यवहार न करता, एकच गोष्ट ओळखली होती. मीही पुतण्याच्या पाच शीर्षकांखाली 'इतर' असे सहावे काढले. उसाचे बिल तेथे गेले. त्याच्या पाठोपाठ लग्न गेले, पाणीपट्टी गेली, गुडघा गेला. आणि महिन्याभरात वरची पाच शीर्षके सणासुदीला उघडावयाच्या दिवाणखान्यासारखी स्वच्छ व रिकामी राहून सारे घर 'इतर'मध्ये राहू लागले.

पुतण्याला दूरध्वनीवरून हे कळवले तेव्हा तो खिन्न झाला. निदान लग्नाच्या पाहुण्यांची यादी तरी नीट उतरंडीने करा, अशी त्याने गळ घातली. लग्न त्याच्याच बहिणीचे, तेव्हा मी होकार दिला.

पाहुण्यांची यादी ही मुरगुडात केवळ माहिती नसते. आमच्या चौकातले कोणतेही डिजिटल फलक पाहा: वर नेत्याचा मुखडा बैलगाडीच्या चाकाएवढा, त्याखाली उपनेते ताटाएवढे, त्याखाली कार्यकर्ते वाटीएवढे, आणि अगदी तळाला टपालाच्या तिकिटाएवढे पन्नास-साठ शुभेच्छुक, ज्यांची ओळख फक्त त्यांच्या आईला पटते. तिकिटाचा मनुष्य वाटीच्या रांगेत चढावयास पाच वर्षे झिजतो. अशा गावात कोणाचे नाव कोणाच्या नावाखाली आणि किती उजवीकडे सरकवून लिहिले आहे, याकडे लोकांनी दुर्लक्ष करावे ही अपेक्षाच गैरलागू होय.

शेजारचे तात्या चहाला आले असता त्यांनी पडद्याकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले.

"गुरुजी, ह्यो आमचा थोरला न्हवं?"

"होय तात्या."

"आन् मी त्येच्या आत?"

"आत नव्हे, त्यांच्या खाली. ही फक्त सोय आहे."

"खाली म्हंजे तर आनिकच वंगाळ. आमची वाटणी होऊन किती सालं झाली! सातबारा येगळा, चूल येगळी, रेशनकार्ड येगळं; आन् तुमच्या मशिनीत आमी अजून एकत्रच?"

मी त्यांची समजूत घालण्यासाठी, पडदा कसा सुटसुटीत होतो ते दाखवावे म्हणून, थोरल्याच्या नावाशेजारचा बाण दाबला. तिघे धाकटे भाऊ, त्यांच्या बायका-मुलांसह, थोरल्याच्या पोटात गडप झाले. तात्यांनी बशी खाली ठेवली.

"आता आमी कुटं गेलो?"

"मिटलात. पुन्हा उघडता येतं."

"जित्त्या माणसाला मिटीवतासा व्हय, गुरुजी?"

या प्रश्नाला कोणत्याही सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत उत्तर दिलेले नाही. लग्नपत्रिकेवरील 'सहकुटुंब, सहपरिवार' हीदेखील एक प्रकारची घडीच आहे, असा युक्तिवाद मला सुचला होता. परंतु घडीतल्या माणसाला स्वतंत्र पत्रिका, स्वतंत्र अक्षता आणि स्वतंत्र टॉवेल-टोपी द्यावी लागते हे आठवून मी तो गिळला. त्याच रात्री शिफ्ट आणि टॅब दाबून मी तात्यांना थोरल्याच्या पंक्तीस आणून बसवले. दुसऱ्या दिवशी उरलेले दोघे भाऊ आले. आठवड्याअखेर यादीतील सर्व इसम डाव्या कडेला एका सरळ रेषेत, कोणीही कोणाच्या हाताखाली नाही अशा स्थितीत उभे होते. लोकशाहीचे इतके शुद्ध स्वरूप मी आमच्या पंचक्रोशीत दुसरे पाहिलेले नाही.

या अडचणी सॉफ्टवेअर रचणाऱ्यांच्याही कानी गेल्या असाव्यात, कारण अलीकडे काहींत अशी तजवीज आहे, की एकच मुद्दा दोन बापांच्या पोटी एकाच वेळी नांदवता येतो. एका जागी त्यात बदल केला की दुसऱ्या जागी तो आपोआप होतो. पुतण्याने ही सोय कळवली तेव्हा मला हेमाद्रीची आठवण होऊन गहिवरून आले. तात्यांचा थोरला भाऊ आमचा शेजारी म्हणून मुलीकडचा, आणि मुलाच्या आत्याचा दीर म्हणून मुलाकडचा. ही गोष्ट आजवर कोणत्याही वहीत धड मांडता आली नव्हती. मी त्यांना दोन्हीकडे घातले. यंत्राने सांगितल्याबरहुकूम काम केले: पत्रिका दोन छापल्या, त्या दोन वेळा पोचल्या, आणि लग्नाच्या दिवशी फेटे बांधणाऱ्याकडे जी यादी गेली तीत त्यांचे नाव दोन ठिकाणी होते. मुलीच्या मांडवात एक फेटा बांधून झाल्यावर ते शांतपणे मुलाकडच्या रांगेत जाऊन बसले. तेथे कोणीतरी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी मजकडे बोट केले.

"गुरुजींच्या मशिनीत नाव दोन जाग्याला हाय," ते म्हणाले, "डोसकं एक हाय ह्यो मशिनीचा दोष. फेटा हिकडं द्या, मी हातात धरतो."